उपकारस्मरणाचा नित्यनेम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सुवर्णमहोत्सवी सोहळा म्हटला की कार्यक्रमपत्रिकेत स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, अध्यक्षीय भाषण आणि सर्वांत शेवटी आभारप्रदर्शन असा क्रम ठरलेला असतो. आभाराची वेळ येते तेव्हा निम्मी सभा उठलेली असते आणि आभार मानणाऱ्यालाही नावे उरकण्याची घाई झालेली असते. आपल्या धर्मपरंपरेतील क्रम मात्र याच्या अगदी उलट आहे. तेथे उपकारकर्त्याचे स्मरण आरंभी येते. ग्रंथ लिहावयाचा तर प्रथम मंगल, शिलालेख कोरावयाचा तर प्रथम नमस्कार, दिवस सुरू करावयाचा तर प्रथम णमोकार. ज्यांच्यामुळे आपण येथवर आलो त्यांची आठवण झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, अशी ही शिस्त आहे.

ही शिस्त एखाद्या सणापुरती वा उत्सवापुरती नाही, ती दैनंदिन आहे. कृतज्ञता ही मनात कधीतरी उमलणारी भावना आहे असे आपण सामान्यतः समजतो. आपल्या आचार्यांनी तिला वेळ, क्रम आणि विधी देऊन नित्यकर्मात बसविले आणि आपल्या पूर्वजांनी तिला पाण्याचे, ग्रंथाचे आणि धान्याचे रूप दिले. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे. आपली संस्था पन्नास वर्षे पूर्ण करीत असताना हा इतिहास आठवणे औचित्याचे तर आहेच, परंतु पुढील पन्नास वर्षे कशाच्या बळावर काढावयाची या प्रश्नाशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

शिळेवरील नमस्कार आणि पाण्याची पोढी

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, कामशेतजवळ पाले नावाचे गाव आहे. तेथील डोंगरात एक साधी लेणी असून तिच्यात ब्राह्मी लिपीतील एक लहानसा शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले या थोर संशोधकांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला आणि अक्षरवळणावरून त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास ठरविला. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा सर्वांत जुना लेख म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

या लेखाचा मजकूर फार थोडका आहे. आरंभी अरहंतांना नमस्कार, त्यानंतर भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे आणि पाण्याची पोढी करविल्याची नोंद. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना पोढी हा शब्द परिचित आहे. कातळात खोदलेले, पावसाचे पाणी वर्षभर साठवून ठेवणारे ते टाके होय. नमस्कार आणि पाणी या दोन गोष्टी एकाच शिळेवर, एकापाठोपाठ एक कोरलेल्या आहेत. ज्यांनी मार्ग दाखविला त्यांना वंदन करावयाचे आणि लगेच, जो अनोळखी तहानलेला उद्या या वाटेने येईल त्याची सोय करून ठेवावयाची. उपकार मागे मान्य करावयाचा आणि पुढे चालवावयाचा ही दुहेरी रीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या मावळ खोऱ्यात रूढ होती, याची साक्ष हा कातळ देतो.

त्याच सुमारास, येथून दूर कलिंग देशात, आजच्या भुवनेश्वरजवळील उदयगिरीच्या हाथीगुंफेत सम्राट खारवेलाने आपल्या कारकिर्दीचा सतरा ओळींचा वृत्तांत कोरविला. विजय, कालवे, दाने अशी मोठी यादी त्यात आहे. परंतु त्या पराक्रमाच्या यादीपूर्वी अरहंतांना व सर्व सिद्धांना नमस्कार आलेला आहे. राजा असो वा डोंगरातील भदंत, स्वतःच्या कार्याची वार्ता सांगण्यापूर्वी दोघांचेही मस्तक प्रथम नम्र झालेले दिसते.

णमोकाराचा क्रम काय सांगतो?

आपण दररोज ज्या क्रमाने पंचपरमेष्ठींना नमस्कार करतो, त्या क्रमातच कृतज्ञतेचे तत्त्व दडलेले आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. षट्खंडागमाच्या आरंभी आचार्य पुष्पदंतांनी णमोकार मंत्राचे मंगल केले आहे. इसवी सनाच्या ९व्या शतकात आचार्य वीरसेनांनी त्यावर ‘धवला’ ही महाटीका लिहिताना एक साधा पण मार्मिक प्रश्न उपस्थित केला. सिद्ध आठही कर्मांपासून मुक्त आहेत. अरिहंतांची चार अघाती कर्मे अद्याप शेष असतात. मग योग्यतेने श्रेष्ठ असलेल्या सिद्धांना सोडून अरिहंतांना प्रथम नमस्कार का?

टीकाकारांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, अरिहंत नसते तर आप्त, आगम आणि पदार्थ यांचे ज्ञान आपल्याला झालेच नसते. सिद्ध आहेत हेही आपल्याला अरिहंतांच्या उपदेशानेच कळले. म्हणून त्या उपकाराच्या दृष्टीने त्यांना अग्रस्थान. याचा अर्थ असा की आपल्या महामंत्रात पदापेक्षा उपकाराला पहिला मान दिलेला आहे. एखादे मूल प्रथमच णमोकार शिकते तेव्हा ते नकळत हाही धडा शिकत असते की, ज्याने तुला शिकविले त्याला आधी आठव, मग जो सर्वांत उंच आहे त्याला.

येथे एक शंका संभवते. अरिहंत आणि सिद्ध वीतराग आहेत. ते स्तुतीने प्रसन्न होत नाहीत, निंदेने रागावत नाहीत, नवसाला पावत नाहीत. मग त्यांचे आभार मानून उपयोग काय? आचार्य समंतभद्रांनी ‘स्वयंभूस्तोत्रा’त वासुपूज्य भगवंतांची स्तुती करताना या शंकेचे निरसन केले आहे. पूजेचे भगवंतांना प्रयोजन नाही हे ते मोकळेपणाने मान्य करतात. मात्र त्यांच्या पुण्यगुणांचे स्मरण आपले चित्त शुद्ध करते असे सांगतात. म्हणजेच कृतज्ञतेचे फळ उपकारकर्त्याकडे जात नाही, ते स्मरण करणाऱ्याच्या ठिकाणीच पिकते. मोबदल्याची अपेक्षा नसलेले, उत्तराची वाट न पाहणारे असे आभार जगात क्वचितच आढळतील.

पुढे आचार्य विद्यानंदींनीही शास्त्रारंभी मंगल का करावे याची चर्चा करताना हाच धागा उचलला. इष्ट फळाचा उपाय ज्ञानाने कळतो, ज्ञान शास्त्रातून येते आणि शास्त्र आप्तांपासून उत्पन्न होते. म्हणून ज्यांना बोध झाला त्यांनी आप्तांना वंदावे, कारण सत्पुरुषांना केलेल्या उपकाराचा विसर पडत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा भावार्थ आहे. न्यायशास्त्राच्या काटेकोर चर्चेतही सज्जनाची ओळख कृतज्ञतेवरून पटवून दिली गेली, हे लक्षणीय आहे.

‘आवश्यक’ म्हणजे काय?

भावना कितीही उत्तम असली तरी तिला नियमाची जोड नसेल तर ती टिकत नाही. हे ओळखून आपल्या परंपरेने सहा आवश्यके सांगितली : सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदना, प्रतिक्रमण, प्रत्याख्यान आणि कायोत्सर्ग. आचार्य वट्टकेरांच्या ‘मूलाचारा’त यांचे सविस्तर विवेचन आहे आणि श्वेतांबर परंपरेतही ‘आवश्यकसूत्र’ हा नित्यक्रियेचा आधारग्रंथ आहे. शेवटच्या दोन आवश्यकांचा क्रम कोठे मागेपुढे आढळतो, परंतु पहिली चार याच क्रमाने येतात.

‘आवश्यक’ या शब्दाची शास्त्रकारांनी केलेली फोड मोठी अर्थपूर्ण आहे. जो इंद्रिये आणि कषाय यांच्या अधीन नाही तो ‘अवश’, आणि त्याचे जे कर्म ते आवश्यक. व्यवहारात आपण सक्तीच्या कामाला आवश्यक म्हणतो. येथे मात्र तो स्वाधीन माणसाच्या कृतीचा निदर्शक आहे. मन प्रसन्न असेल त्या दिवशी आभार मानावेत आणि खिन्न असेल त्या दिवशी विसरावेत, हे मनाच्या अधीन राहणे झाले. प्रसन्नता असो वा खिन्नता, ठरल्या वेळी उपकारकर्त्याचे स्मरण करणे हे स्वाधीनतेचे लक्षण होय.

या सहांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. प्रथम सामायिकाने चित्त सम करावयाचे. मग चतुर्विंशतिस्तवात चोवीस तीर्थंकरांचे गुणस्मरण आणि वंदनेत गुरूंना विनयपूर्वक नमस्कार. त्यानंतर प्रतिक्रमणात आपल्या दोषांची आलोचना. दोषांकडे वळण्यापूर्वी उपकारांची आठवण ठेवलेली आहे. ज्याला आपल्यावरील ऋण दिसते त्यालाच आपल्या चुका निखळपणे पाहता येतात. ज्याला वाटते की सर्व काही मीच मिळविले, त्याला आपले दोष दिसणे कठीणच. गृहस्थांसाठी देवपूजा, गुरूपासना, स्वाध्याय, संयम, तप आणि दान अशी सहा नित्यकर्मे सांगितली गेली, त्यांतही देव आणि गुरू यांच्या स्मरणाने आरंभ होतो आणि दानाने शेवट. पाल्याच्या लेण्यातील नमस्कार आणि पोढी यांचाच हा दैनंदिन अवतार म्हणता येईल.

कर्मसिद्धांत आणि परस्परोपकार

आपल्यापैकी काही अभ्यासू मंडळी विचारतात, “प्रत्येक जीवाला त्याच्याच कर्माचे फळ मिळते. मग मला जे मिळाले ते माझ्या पुण्योदयाने. त्यात दुसऱ्याचे उपकार कसले?” प्रश्न टाळण्याजोगा नाही. कर्मसिद्धांताचा असा अर्धवट आधार घेऊन आपण कृतघ्नतेलाही शास्त्राचे वस्त्र नेसवू शकतो.

याचे उत्तर ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या पाचव्या अध्यायात मिळते. तेथे आचार्य उमास्वामींनी प्रत्येक द्रव्याचा उपकार सांगितला आहे. गतीला आणि स्थितीला साहाय्य करणे हा धर्म आणि अधर्म द्रव्यांचा उपकार; अवकाश देणे हा आकाशाचा; शरीर, वाणी, मन आणि श्वासोच्छ्वास हा पुद्गलाचा; परिणमनादिकांस निमित्त होणे हा काळाचा. आणि या मालिकेत जीवांचा उपकार कोणता? तर एकमेकांस साहाय्य करणे. आपले उपादान आपलेच असते हे खरे. परंतु निमित्ताचा उपकार शास्त्राने नाकारलेला नाही, उलट त्यासाठी स्वतंत्र सूत्रे खर्ची घातली आहेत. श्वास घेताना पुद्गलाचा आणि उभे राहताना आकाशाचा उपकार मानावयास शिकविणारे शास्त्र शेजाऱ्याचा उपकार विसरावयास कसे सांगेल?

जीवांच्या परस्परोपकाराचे हे सूत्र भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, १९७४-७५ साली, सर्व संप्रदायांनी स्वीकारलेल्या जैन प्रतीकाच्या तळाशी विराजमान झाले. आज ते आपल्या पत्रिकांवर, कमानींवर आणि वाहनांवरही दिसते. मात्र त्यावरील आचार्य पूज्यपादांचे ‘सर्वार्थसिद्धी’तील विवेचन फारसे वाचले जात नाही. परस्परोपकार समजावून सांगताना त्यांनी स्वामी आणि सेवक, आचार्य आणि शिष्य यांची उदाहरणे घेतली आहेत. स्वामी धन देऊन सेवकावर उपकार करतो, आणि सेवक हिताचे करून व अहित टाळून स्वामीवर उपकार करतो. आचार्य उपदेश करून शिष्यावर उपकार करतात, आणि शिष्य त्याप्रमाणे वागून आचार्यांवर.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या समाजात सेवकाने स्वामीवर केलेल्या उपकाराची शास्त्रात नोंद व्हावी, ही लहान गोष्ट नव्हे. वेतन दिले म्हणजे ऋण फिटले असे मानणाऱ्याला येथे जागा उरत नाही. देणारा आणि घेणारा ही नावे प्रसंगापुरती आहेत. ऋण दोन्ही बाजूंनी वाहते.

ग्रंथांचे ऋण : दर्शन आणि वाचन

उपकारस्मरणाचा आणखी एक नितांतसुंदर दिवस म्हणजे श्रुतपंचमी. गिरनारच्या चंद्रगुंफेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आगमज्ञान दिले, त्यांनी षट्खंडागमाची रचना केली आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीस त्या श्रुताची पूजा झाली, अशी परंपरा आहे. धरसेनांना चिंता होती ती ज्ञान आपल्याबरोबर लुप्त होईल याची. गुरूंकडून मिळालेले पुढच्यांच्या हाती सोपविल्याशिवाय गुरुऋण फिटत नाही, ही त्या चिंतेमागील भावना होय.

या ऋणाची परतफेड श्रावक-श्राविकांनी हस्तलिखितांच्या प्रती करवून केली. १०व्या शतकातील दानचिंतामणी अत्तिमब्बे हिने कवी पोन्न याच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती करवून वाटल्याची प्रसिद्धी आहे. ताडपत्रावर एकेक अक्षर कोरून ग्रंथ लिहिला जाण्याच्या त्या काळी हजार प्रती म्हणजे किती लेखनिकांचे किती दिवस, याची कल्पनाच केलेली बरी. याच अत्तिमब्बेने लक्कुंडी येथे उभारलेल्या जिनालयाचा इ. स. १००७ चा शिलालेख आजही तिची कीर्ती सांगतो.

मात्र इतिहास एक सावधगिरीचा इशाराही देतो. धवला-जयधवलादी सिद्धांतग्रंथांची ताडपत्रे शतकानुशतके केवळ मूडबिद्री येथे जतन राहिली. तेथील समाजाने ती प्राणापलीकडे जपली, याबद्दल सारा जैन समाज त्यांचा ऋणी आहे. परंतु यात्रेकरूंना त्या ग्रंथांचे केवळ दर्शन घडे. भाविक हात जोडत, मस्तक टेकवीत आणि परतत. आत काय लिहिले आहे ते समाजाला वाचावयास मिळत नव्हते. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद, मुंबईचे शेठ माणिकचंद प्रभृतींनी या ग्रंथांच्या प्रती व्हाव्यात म्हणून तळमळीने प्रयत्न केले, पुढे प्रती तयार झाल्या आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड आपल्या महाराष्ट्रातील अमरावतीहून प्रकाशित झाला. वीरसेनांनी णमोकाराच्या क्रमाविषयी काय लिहिले आहे, हे आज सामान्य वाचकाला कळू शकते ते या सर्वांच्या परिश्रमामुळे. केवळ नमस्कारात थांबलेली कृतज्ञता ग्रंथ पेटीत ठेवते. कृतीत उतरलेली कृतज्ञता तो पुढच्या पिढीच्या हाती देते.

गुळ्ळकायज्जीची वाटी

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या मूर्तीशी आपले भाषिक नातेही आहे. मूर्तीच्या चरणांजवळ चामुंडरायाने ती करविल्याचा आणि गंगराजाने परिसर करविल्याचा जो उल्लेख आहे, तो मराठीच्या प्राचीन शिलालेखांत गणला जातो. इ. स. ९८१ च्या सुमारास प्रतिष्ठित झालेली ही सुमारे ५८ फूट उंचीची मूर्ती पाहण्यासाठी आपल्या भागातून पिढ्यान् पिढ्या यात्रेकरू जात आले आहेत. २००६ आणि २०१८ च्या महामस्तकाभिषेकांना गेलेले अनेकजण हा लेख वाचणाऱ्यांत असतील.

त्यांनी मूर्तीसमोरील प्रवेशद्वाराजवळ एका वृद्धेची छोटी मूर्ती पाहिली असेल. ती गुळ्ळकायज्जी. कथा सांगते की, चामुंडरायाने घागरींमागून घागरी दूध ओतले तरी अभिषेकाचे दूध भगवंतांच्या चरणांपर्यंत पोहोचेना. अखेरीस एका गरीब वृद्धेने लहानशा फळाच्या कवटीतून आणलेले थोडेसे दूध घातले आणि ते मस्तकापासून चरणांपर्यंत वाहत गेले. चामुंडरायाचा अहंकार गळून पडला आणि त्याने त्या वृद्धेची मूर्ती तेथे स्थापिली.

ही कथा परंपरेतील आहे, तिला शिलालेखाचा पुरावा मागण्याचे कारण नाही. परंतु मूर्ती मात्र प्रत्यक्ष आहे आणि ती जे सांगते ते महत्त्वाचे आहे. एवढा अद्वितीय शिल्पाविष्कार घडविणाऱ्याच्या स्मृतिस्थळी समाजाने एका नाव नसलेल्या वृद्धेलाही जागा दिली. ‘गुळ्ळकायज्जी’ हे तरी नाव कोठे आहे? ती फळाच्या कवटीवाली आजी, इतकेच. तिचे खरे नाव कोणालाच ठाऊक नाही आणि तरीही हजारो भाविक तिला हात जोडतात.

एक मूठ धान्य

आता आपल्या अगदी जवळच्या इतिहासाकडे येऊ. १८९९ साली स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि शिक्षणाचा प्रसार हे समाजापुढील प्रधान कार्य ठरले. शिकणाऱ्या मुलांना शहरात राहावयास जागा आणि दोन वेळचे अन्न मिळावे म्हणून कोल्हापूर, सांगली आदी ठिकाणी बोर्डिंगे उभी राहिली. राजर्षी शाहू महाराजांचे त्यांना प्रोत्साहन लाभले. विदर्भात कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम आणि कुंभोज-बाहुबली येथे १९३४ साली गुरुकुल सुरू झाले, त्यामागे गुरुदेव समंतभद्र महाराजांची तपश्चर्या होती.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या विद्यार्थ्यांत एक होते कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील. समाजाने दिलेल्या आश्रयाचे ऋण त्यांनी ज्या रीतीने फेडले तिला तोड नाही. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले. तिजोरी रिकामी झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मुलांच्या अन्नासाठी दिले. ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि ठाऊक असावयासही हवी.

परंतु बोर्डिंगची चूल केवळ दागिन्यांवर चालली नाही. तिला रोजच्या रोज धान्य लागे. त्यासाठी जी पद्धत कर्मवीरांच्या कार्याशी निगडित झाली ती म्हणजे मुष्टिफंड. घरची गृहिणी दळणाला वा स्वयंपाकाला धान्य काढी तेव्हा त्यातील एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकी. अशी घरोघर साठलेली ज्वारी-बाजरी गोळा होऊन वसतिगृहात जाई आणि त्या भाकरीवर कोणाची तरी मुले शिकत.

या मुठीचा नीट विचार करावा. ती उरलेल्यातली मूठ नव्हती. घरच्यांचे ताट वाढण्यापूर्वीची मूठ होती. ती सणाची नव्हती, नित्याची होती. पीक चांगले आले तर घालावी, न आले तर थांबवावी असे तिचे स्वरूप नव्हते. ज्या मुलाच्या पोटी ती जाणार तो कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, हे घालणाऱ्या माउलीला ठाऊक नसे. आणि खाणाऱ्या मुलालाही आपली भाकरी कोणाच्या जात्यावर दळली गेली ते कळत नसे. उपकारस्मरण, नियम, दान आणि परस्परोपग्रह या ज्या गोष्टी आचार्यांनी सूत्रांत आणि टीकांत सांगितल्या, त्या अक्षरओळख नसलेल्या बायकांनी धान्याच्या मडक्यापाशी रोज आचरून दाखविल्या. त्यांपैकी कोणाचेही नाव कोणत्याही फलकावर नाही.

आज आपल्यापुढे

२००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना त्यांनी ठरावीक काळाने आपल्याला लाभलेल्या चांगल्या गोष्टी लिहून ठेवावयास सांगितले, तर इतरांना दैनंदिन कटकटी वा सामान्य घटना. चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांचे एकंदर समाधान अधिक असल्याचे त्यांना आढळले. तेव्हापासून कृतज्ञतेच्या वह्यांचा बराच बोलबाला झाला आहे आणि आपली नातवंडेही तशा वह्या लिहू लागली आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र आपल्या परंपरेने याच्या पुढचे एक पाऊल टाकलेले आहे. वहीत लिहिल्याने मला बरे वाटते. मुठीने दुसऱ्याचे पोट भरते. उपकाराची नोंद घेणे ही अर्धी साधना, तो पुढे चालविणे ही उरलेली अर्धी.

आपल्या संस्थेच्या पन्नास वर्षांचा हिशेब या स्मरणिकेत इतरत्र दिलेला आहे. ज्या दानशूरांची नावे संगमरवरावर कोरली गेली त्यांचे ऋण आपण शिरोधार्य मानतोच. परंतु संस्था पन्नास वर्षे चालते ती केवळ उद्घाटनाच्या दिवशी मिळालेल्या मोठ्या देणगीवर नव्हे. पहाटे मंदिर उघडणारा, पूजेचे पाणी गाळून भरणारा, फरशी पुसणारी, पंगतीत वाढणारी, पर्वकाळी आदल्या रात्री भाजी निवडत बसणाऱ्या बायका, वर्गणीची पावती घेऊन उन्हात दारोदार फिरणारा कार्यकर्ता, या सर्वांच्या रोजच्या मुठींवर ती चालते. पूज्यपादांच्या दृष्टीने पाहिले तर हे सारे आपल्यावर उपकार करणारे आहेत, मग त्यांतील कोणाला आपण वेतन देत असू वा नसू.

आज या मुठींची संख्या घटते आहे, हे आपण सर्वजण पाहत आहोत. देणग्यांच्या रकमा वाढल्या. वेळ देणारे हात कमी झाले. महोत्सवाला मंडप अपुरा पडतो आणि एरवी रोजच्या अभिषेकाला चार माणसे जमत नाहीत. णमोकार सर्वांना मुखोद्गत आहे, परंतु तो म्हणताना प्रत्यक्ष कोणाचा उपकार मनापुढे येतो, हे आपले आपणच तपासावे.

म्हणून एक नम्र सूचना करावीशी वाटते. सकाळच्या णमोकारानंतर प्रत्येकाने क्षणभर थांबून ज्याने काल आपल्यासाठी काही केले अशा एका माणसाचे नाव घ्यावे. शक्यतो असे नाव, की जे कोणत्याही फलकावर नाही. आणि घरात एक लहानसे मडके वा डबा ठेवावा. आता धान्यच हवे असे नाही. नाणे चालेल, वही-पेन्सिल चालेल, आठवड्यातील एक तास लिहिलेली चिठ्ठीही चालेल. महिन्याच्या अखेरीस तो डबा संस्थेत आणून रिता करावा आणि तो कोणाचा याची नोंद कोठेही होऊ नये. त्यातून आपल्या गावातील गरजू विद्यार्थ्यांची, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, सोय व्हावी. हे काम मुलांच्या हातून करवावे, कारण मूठ कशी भरावयाची ते लहानपणीच हाताला कळते.

पाल्याच्या कातळातील पोढी कोणी खोदली त्या पाथरवटाचे नाव शिळेवर नाही. गुळ्ळकायज्जीचे खरे नाव कथेत नाही. मुष्टिफंडाच्या मडक्यात धान्य टाकणाऱ्या माउल्यांची यादी कोणाकडेही नाही. तरीही आज आपण ज्या सावलीत बसून हा सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहोत, ती त्यांनी धरलेली सावली आहे. उद्या सकाळी प्रत्येक घरातून एक मूठ निघाली, तर आणखी पन्नास वर्षांनी आपली नावे कोणाला ठाऊक नसली तरी चालेल.

जय जिनेंद्र!